झाकणावर लिहिलेलं नाव

“अहो, कोन्ती हीर बंद करायची ते सांगा की! गावची का वस्तीची? खाली जीप चालू ठिवून आलोय, डिझेल जळून राहिलंय!”

मास्तर, हे ओरडणं तुम्ही कधीच ऐकलं नाही. तुम्ही तेव्हा वॉर्डात होता, कॉलऱ्याच्या पेशंटांचे नमुने घेत. तहसीलच्या जीपचा ड्रायव्हर आपल्या प्रयोगशाळेच्या दारात उभा होता आणि आत मी एकटा होतो. विहिरीची ही गोष्ट मी तीस वर्षं सांगत आलो. लग्नात सांगितली, बारशात सांगितली, एकदा तर उदगीरला एका मयतीत सांगितली आणि खांदेकरी हसता हसता तिरडी खाली टेकवून बसले. पण दर वेळी मी ती सुरू करायचो तुम्ही प्रयोगशाळेत पाय ठेवल्यापासून. त्याच्या आधीची दहा मिनिटं गाळून.

आज ती दहा मिनिटं लिहायला बसलोय. तुम्ही आता वाचणार नाही, म्हणूनच धीर झाला, हे तुम्ही ओळखलंच असेल. ओळखणं हेच तर तुमचं काम होतं.

तुमच्या नाकाबद्दल मी लोकांना जे सांगतो ते बहुतेक खरं आहे. तुम्ही सायकलवरून गेटातून आत येतानाच ओरडायचात, “स्वामी, आज हिरवं उगवलंय!” मी इन्क्युबेटर उघडून बघतो तर जळिताच्या पेशंटच्या पूतले जंतू वाढवायला ठेवलेली काचेची प्लेट हिरवीगार, आणि वास पिकल्या द्राक्षांचा. बरं, गेटातून नाही, दारातून. आणि दर वेळी नाही. पण प्लेटचं झाकण किलकिलं करून नाकाशी एकदा फिरवलं की तुम्ही जंतूचं नाव घ्यायचात हे खरं. आणि मग दोन दिवस त्या नावाला पुरावे गोळा करत बसायचात. हा साखर आंबवतो का, तो युरिया फोडतो का, हलतो का नुसता पडून राहतो. मी म्हणायचो, मास्तर, नाव कळलंय तर लिहून टाका की रिपोर्टावर. तुम्ही म्हणायचात, “नाक म्हणजे संशय, स्वामी. संशयावर सही करायची नसती.”

मी बावीस वर्षांचा होतो. उदगीरच्या किराणा दुकानदाराचा मुलगा, गळ्यात लिंग, डोक्यात हवा. पहिल्या दिवशी तुम्ही म्हणालात, “गळ्यातला देव शर्टात घाल, बर्नरवर भाजंल.” मी हसलो. मग तुम्ही तुमच्या थर्मासमधला चहा कपात ओतून माझ्यापुढं धरला आणि माझा हात अर्धा क्षण थांबला. अर्धाच. तुम्ही तो बघितला, आणि कप टेबलावर ठेवून दिलात. पुढं मी तुमच्या डब्यातली शेपूची भाजी तुमच्याआधी संपवायचो, तुमची पोरं माझ्या अंगाखांद्यावर खेळायची, तुमच्या घरी बुद्धजयंतीची खीर तीन वाट्या खायचो. पण त्या अर्ध्या क्षणाबद्दल तुम्हाला कधी काही बोललो नाही. आज बघा, कुठून सुरू केलं आणि कुठं आलो.

जिल्हा तेव्हा नवा कोरा होता. इतका नवा की दवाखान्याच्या पाटीवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव पुसलं होतं आणि नवं लिहायला पेंटर येत नव्हता. तो म्हणायचा रंग कालवायला पाणी न्हाई. ऑइलपेंटला पाणी कशाला लागतंय, हे विचारायचं त्या उन्हात कुणाला सुचलं नाही. रिपोर्टाच्या छापील कागदावरचा जुना जिल्हा खोडून त्याच्यावर मी पेनानं ‘लातूर’ लिहायचो. दिवसातून पन्नास वेळा. कलेक्टरलासुद्धा इतक्या वेळा जिल्हा करावा लागला नसेल.

आणि दुष्काळ. प्रयोगशाळेला दोन बादल्या पाणी मिळायचं, त्यात प्लेटा धुवायच्या, त्यातच हात. डिस्टिल्ड पाणी तर नांदेडहून यायचं, काचेच्या बुधल्यात, एसटीनं, माझ्या मांडीवर. गाडीत लोक त्या बुधल्याकडं नवसाच्या लेकराकडं बघावं तसं बघायचे. लोह्याच्या स्टँडवर एक म्हातारी चढली आणि घोटभर दे म्हणून मागं लागली. दिलं. तिनं तोंडात घोळवलं, खिडकीतून थुंकलं आणि म्हणाली, “याला चवच न्हाई, मेलं पानी हाय.” ही गोष्ट मी तुम्हाला सांगितली तेव्हा तुम्ही बुधल्याकडं बघत विचारलं होतं, “म्हातारीनं एकच घोट घेतला?”

“एकच, मास्तर.”

“मग अर्धा बुधला कुठं गेला?”

मी म्हणालो, म्हातारीबरोबर तिचे नातेवाईक होते. तुम्ही खुर्चीवरून पडायचे बाकी राहिलात. खरं सांगू? अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा मी त्या पाण्यानं तोंड धुतलं होतं. उन्हानं जीव चालला होता.

आपलं भांडण तिथूनच सुरू झालं, आणि ते काही मिटलं नाही. तुम्ही म्हणायचात, “गोष्ट वाढवायची तर वाढव, पर बदलू नको.” मी म्हणायचो, वाढवलं की थोडं बदलतंच. तुम्ही प्लेट दाखवायचात. “हे बघ. एका जंतूचे लाख झाले, तरी पहिला जो होता तोच शेवटचा हाय. याला वाढ म्हणायचं. आणि मधीच दुसरं काही शिरलं, की प्लेट फेकून द्यायची.”

आता ती दहा मिनिटं.

देवणीकडच्या तुमच्या गावात कॉलरा निघाला होता. पेशंट जीपमधून, बैलगाडीतून, एक तर खाटेवर घालून आणला. गावात पिण्याच्या दोन विहिरी होत्या. एक गावची, दगडी, जुनी. दुसरी वस्तीची. ती तुमच्या वडलांनी आणि चुलत्यांनी धम्म घेतल्यानंतरच्या उन्हाळ्यात खणली होती, गावच्या विहिरीवर लांब उभं राहून कुणी वरून ओतायची वाट बघायला नको म्हणून. हे तुम्हीच मला सांगितलं होतं, शेपूची भाजी खाताना.

पेशंट गावातलेही होते आणि गावात मजुरीला जाणारे वस्तीतलेही, त्यामुळं त्यांच्यावरून विहीर कळत नव्हती. म्हणून आरोग्यसेवकानं दोन्ही विहिरींचं पाणी बाटल्यांतून आणलं. त्याच्या प्लेटा मी लावल्या. आणि लाल पेन्सिलीनं नावं लिहिली, एकीवर ‘गाव’, एकीवर ‘वस्ती’. झाकणावर.

तुमचा पहिल्या दिवसापासूनचा नियम होता, नाव बुडाला लिहायचं. ज्या तळावर जंतू वाढतो, त्याच काचेवर. “झाकण कुणाच्याबी डोक्यावर बसतंय,” तुम्ही म्हणायचात. पण बुडावरची पेन्सिल घासायला पाणी लागायचं, आणि झाकणावरची कोरड्या फडक्यानं निघायची. मी म्हटलं, दुष्काळ आहे, पाणी वाचवू. आळसाला दुष्काळाचं नाव दिलं की तो किती शहाणा दिसतो, मास्तर.

सकाळी मी प्लेटा काढल्या. एकीवर पिवळेधमक ठिपके उठलेले, दुसरी जवळजवळ कोरी. तेवढ्यात तो ड्रायव्हर ओरडत आला. मी म्हटलं, साहेब येऊ द्या, सही त्यांची लागते. तो म्हणाला, “मंग तुमी काय करता हितं? बाटल्या धुता?”

झालं. मला तेवढं पुरे होतं. मी म्हटलं, या आत, कॉलरा कधी बघितलाय का उघड्या डोळ्यांनी? आणि जादूगारासारखी दोन्ही हातांनी दोन्ही झाकणं एकदम उचलली. “हा बघा, पिवळा! एका ठिपक्यात आख्खा जिल्हा झोपवायची ताकद!” ड्रायव्हर तीन पावलं मागं सरकला, नाकाला रुमाल लावून म्हणाला, “झाका, झाका, तुमच्या पाया पडतो.” मी इतका हसलो, मास्तर, इतका हसलो. आणि हसता हसता झाकणं परत ठेवली.

कोणतं कशावर, ते मी बघितलं नाही.

मग तुम्ही आलात. तुमच्या त्या तपासणीची मी कायम टिंगल केली, पण त्या दिवशी तुमचे हात बघण्यासारखे होते. पिवळ्या ठिपक्यातलं टाचणीच्या टोकाएवढं उचललंत, औषधाच्या थेंबात कालवलंत, जंतू उचलायची लूप वर ओढलीत, तर पाकाला सुटावी तशी तार. काचेला लटकवलेल्या थेंबात सूक्ष्मदर्शकातून बघायला मला हाक मारलीत. जत्रेत हात सुटलेल्या पोरांसारखे जंतू सैरावैरा पळत होते. मग शेवटचा, त्या छोट्या कुपीतला, कॉलरा ओळखायच्या सीरमचा थेंब, आणि दूध फाटावं तशा गाठी. “कॉलराच,” तुम्ही म्हणालात. “आता नाव बघ.”

मी झाकण वाचलं. “वस्ती.”

तुमचा पेन थांबला. “झाकणावर लिहिलंस?”

“गडबडीत, मास्तर.”

“झाकणं हलली का कुठं? कुणी हात लावला?”

“न्हाई.”

आयुष्यभर मी हजार थापा मारल्या असतील. त्यातली एकही या दोन अक्षरांएवढी लहान नव्हती.

“पुन्हा लावू का दोन्ही?” मीच विचारलं. म्हणजे मला कुठंतरी कळत होतं. तुम्ही नकारार्थी मान हलवलीत. मग म्हणालात, “दुसऱ्या कुणाच्या गावची असती तर लावली असती. माझ्या वस्तीची हाय. दोनदा तपासली तर म्हणतील, सोनकांबळेनं आपल्या लोकांची हीर वाचवायला रिपोर्ट अडवला.” आणि सही केलीत. कागदावरचा जुना जिल्हा खोडायचं मी विसरलो होतो, तोसुद्धा तुम्ही खोडलात.

जंतू तुम्ही बरोबर ओळखला होता. घर मी चुकवलं.

वस्तीच्या विहिरीवर लाल झेंडा लागला. वस्तीला गावच्या विहिरीवर पाणी भरू द्यावं, असा हुकूम निघाला, आणि कुणी तंटा करू नये म्हणून दोन पोलीस उभे राहिले. इतक्या वर्षांनी वस्तीच्या बाया गावच्या विहिरीत स्वतःच्या हातानं घागर सोडत होत्या. पहिली घागर तुमच्या अक्कानं सोडली, तुम्हाला आईमागं वाढवणाऱ्या थोरल्या बहिणीनं. आणि पिवळे ठिपके होते त्या पाण्यात.

तिसऱ्या दिवशी अक्काला जीपमधून आणलं. डोळे खोल गेलेले, हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी. सलाइनवर सलाइन चढलं. तुम्ही उशाशी बसून विचारलंत, “अक्का, पानी कुठलं पिलीस?” तिनं तुमच्याकडं बघितलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, “तूच लिहून धाडलंस न्हवं, गावच्या हिरीचं प्या म्हून.”

तुम्ही उठलात. दोन बाटल्या घेतल्यात, एसटीनं गेलात, तिथून पायी. स्वतः पाणी आणलंत, स्वतः प्लेटा लावल्यात, नावं बुडाला लिहिलीत. दुसऱ्या दिवशी त्या प्लेटा माझ्यापुढं पालथ्या ठेवल्यात. ‘गाव’ पिवळी. ‘वस्ती’ स्वच्छ.

“स्वामी,” तुम्ही म्हणालात, “त्या दिवशी झाकणं उघडली होतीस का?”

मी बर्नरच्या ज्योतीकडं बघत म्हणालो, “उघडली असतील. ध्यानात न्हाई.”

घाणेरडी लूप दिसली तर तुम्ही दवाखाना हादरवायचात. बाटलीचं बूच सैल राहिलं तर माझ्या सात पिढ्यांची चौकशी करायचात. त्या दिवशी का ओरडला नाहीत? एकदा ओरडला असता तर मी रडलो असतो आणि सगळं सांगितलं असतं. निदान मला तसं वाटतं. तुम्ही म्हणाल, ही पण वाढवलेली. असेल. तुम्ही फक्त कागद पुढं ओढलात आणि खुलासा लिहायला घेतलात. मी टेबलाच्या या बाजूनं उलटं वाचलं : ‘नमुन्यावरील नाव तपासण्यात माझ्याकडून चूक झाली.’ माझ्याकडून. मी तोंड उघडलं, आणि म्हणालो, “चहा आणू का, मास्तर?”

“आण,” तुम्ही म्हणालात.

अक्का वाचली. गावची विहीर बंद झाली, औषध पडलं, साथ हटली. तुमची बदली नायगावकडं झाली, जिथल्या सूक्ष्मदर्शकाला, तुम्ही पत्रात लिहिलं होतं, एकच भिंग होतं आणि त्यात पाल राहत होती. (हे वाढवलेलं तुमचं. मला कळायचं.) तुमच्या टेबलावर मी बसलो. आणि वस्तीच्या विहिरीवरचा झेंडा काढला तरी तिथं कुणी घागर सोडली नाही. त्या चार दिवसांत तिचं नाव कॉलऱ्याची हीर पडलं होतं. गावातल्या कुणी तिच्यात बाभळीच्या फांद्या टाकल्या, कुणी मेलेलं कुत्रं. दुसरा रिपोर्ट कुणी वाचत नाही, मास्तर. पुढं ती बुजवली. वस्तीत तुमचं नाव झालं, आपल्याच बापाची हीर बंद करणारा साहेब. तुम्हाला निवृत्तीनंतर तिथं घर बांधायचं होतं. नाही बांधलंत. आणि अक्का लातूरला तुमच्या घरी यायची ती स्वतःचं पाणी घेऊन. आधी पितळी चरवीत, फडकं बांधून. मग प्लास्टिकच्या बाटलीत. वहिनी तांब्या पुढं करायच्या, ती बाटली दाखवायची. तीस वर्षं.

हे सगळं मी बघत होतो, आणि गोष्ट सांगत होतो. माझ्या गोष्टीत एका जीपच्या सात जीपा झाल्या, ड्रायव्हरचा कलेक्टर झाला. मास्तर इतके पंडित की जंतू ओळखला पण आपलंच गाव ओळखलं नाही, या वाक्याला हमखास हशा. आणि शेवटी चूक सापडायची कुणाला? मला. तुमच्या निरोप समारंभात हे मी माईकवर सांगितलं. लोक टाळ्या पिटत होते. तुम्हीसुद्धा हसलात, चष्मा काढून पुसलात. मला वाटलं, हसून डोळ्यांत पाणी आलं.

गेल्या महिन्यात तुमच्याकडं आलो होतो. तुम्ही पलंगावर, मी केळी घेऊन. वहिनी आत गेल्यावर तुम्ही म्हणालात, “स्वामी, ती हिरीची गोष्ट सांग की.”

खोलीत आपण दोघंच होतो, मास्तर. हसायला कुणी नव्हतं. तुम्ही मला यापेक्षा सोपं करून देऊ शकत नव्हता.

मी सांगितली. सात जीपा, कलेक्टर, सगळी. तुम्ही डोळे मिटून ऐकलीत. शेवटी म्हणालात, “लई वाढली.” आणि कूस बदललीत. त्यानंतर चौथ्या दिवशी वहिनींचा फोन आला.

परवा तुमचा जलदान विधी झाला. मांडवात वस्तीतले लोक होते, दवाखान्यातले जुने होते. वंदना झाली, आणि कुणीतरी म्हणालं, स्वामीसाहेब, दोन शब्द बोला. मागून एकजण म्हणाला, हिरीचं सांगा. माझ्या आधी हशा सुरू झाला.

मी ड्रायव्हरच्या ओरडण्यापासून सुरुवात केली. लोक हसले. जादूगारासारखी झाकणं उचलली, तिथं आणखी हसले. “न्हाई” म्हणालो, तिथं थांबले. पुढचं मी कसं सांगितलं ते आठवत नाही. पहिल्यांदाच एखादी गोष्ट मी न वाढवता सांगत होतो, आणि ती संपत नव्हती. वहिनी मान खाली घालून बसल्या होत्या. त्यांना माहीत होतं, हे मला त्या मानेवरून कळलं.

अक्का पहिल्या ओळीत, खुर्चीवर. पाठ वाकलेली, मांडीवर बाटली. मी मांडवातून निघून तुमच्या स्वयंपाकघरात गेलो, तुमच्या माठातलं पाणी पेल्यात घेतलं, आणि तिच्यापुढं जाऊन गुडघ्यांवर बसलो. म्हटलं, “अक्का, मास्तरांचा काही दोष नव्हता. तो माझा होता. तुम्ही ऐकलंत ना?”

तिनं मान हलवली. ऐकलं होतं.

मी पेला पुढं धरला. थोडं पाणी तिच्या लुगड्यावर सांडलं. तिनं पेल्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मग मांडीवरची बाटली जराशी उचलून दाखवली.

“हाय माझ्याकडं,” अक्का म्हणाली.